चष्मा चौदा नंबरमध्ये राहिला

तपासणी समितीत आम्ही तिघे.
डीनसाहेबांच्या खोलीत काजू, खारी
आणि अठ्ठावीस लॉगबुकं, निळ्या रेक्झिनची.
मी चाळत होतो: शीर शोधून सलाइन लावणे.
पाहिले, पाच वेळा. देखरेखीखाली, दहा.
स्वतंत्रपणे, दहा. सक्षम. सही.
सक्षम. सही.
सक्षम. सही.
सगळ्या सह्या एकाच शाईच्या,
बहुतेक एकाच दुपारच्या;
शेवटी शेवटी तर आडनावातला उकारही गळलेला.
मी काही बोललो नाही.
अशा दुपारी मीही काढल्यात,
ओपीडी संपलेली, पंखा कुरकुरतोय
आणि दारात वीस पोरं वह्या उघडून उभी.

मग कौशल्य प्रयोगशाळा. एसी.
टेबलावर रबरी हात, कोपराच्या वर कापलेला,
शिरांतून लाल पाणी.
एकेक जण येतो, हात धुतो,
नमस्कार, मी डॉक्टर अमुक, तुमची परवानगी आहे ना,
असं रबराला विचारतो.
रबर नाही म्हणत नाही.
शीर सापडतेच.

पलीकडच्या खोलीत कुंदा लोटलीकर.
एके काळी लालबागच्या हौशी मंडळात नायिका,
आज दिवसाला सहाशे रुपयांवर पोटदुखी.
सकाळपासून एकोणीस वेळा कण्हल्या होत्या.
विसावा आला ऋग्वेद घरत, उरणचा.
नाव सांगायचं विसरला, हात धुवायचे विसरला,
कुठे दुखतंय विचारायच्या आधी म्हणाला,
"जेवलात का?"
पाचपैकी दोन दिले मी.
संवादकौशल्य : सुधारणेस वाव.
दुपारचे तीन वाजले होते आणि बाई
खरंच जेवल्या नव्हत्या.

पाचला निघालो. गाडीत बसल्यावर कळलं,
चष्मा वर राहिला, चौदा नंबर वॉर्डात.
लिफ्ट बंद. चार जिने.
अकरा नंबरच्या खाटेवर तुंगेकर चाचा,
केमो घेऊन घेऊन शिरा जुन्या सुतळीसारख्या,
आणि समोर हाच घरत,
स्टूल बाजूला सारून उकिडवा बसलेला.
एकदा. नाही.
दुसऱ्यांदा. चाचांनी ओठ दाताखाली धरला.
मी दारातच थांबलो.
तिसरी सुई त्याने उचलली,
आणि पुन्हा ट्रेमध्ये ठेवली.
"चाचा, मला नाही जमत आहे.
डाबरे सिस्टरना बोलावतो. त्यांना जमतं."
कान लालबुंद झालेले पोराचे.

सिस्टर आल्या. कोमट फडकं गुंडाळलं,
हात खाटेखाली लोंबू दिला जरा वेळ.
"डोळ्याने नको शोधूस रे. बोटाने बघ."
म्हणून त्याचं बोट धरून
शिरेवर नेऊन ठेवलं.

अठ्ठ्याऐंशी साली, याच इमारतीत,
एका बाईला मी सात वेळा टोचलं होतं.
रात्री दोनला. कुणाला उठवलं नाही.
आठव्यांदा लागलं,
आणि ते 'लागलं' उशाशी घेऊन झोपलो.
सकाळी तिचा हात वांग्याच्या रंगाचा.
नाव आठवत नाही.
माझ्या वहीत एकच शब्द होता तेव्हा : केले.
खाली सही.

फॉर्मचा शेवटचा प्रश्न गाडीतच भरला.
कार्यक्रमाचा एकूण दर्जा, एक ते पाच.
"तीन टाका," बरोबरचे म्हणाले, "सगळीकडे तीनच टाकतो आपण."
सुई खाली ठेवण्याला रकाना कुठे आहे, शोधलं.
समासात लिहावं तर
स्कॅन करताना समास कापला जातो.
तीन टाकले.

परळच्या पुलाखाली गाडी अडकून पडली.
चष्मा खिशात, डोळे मिटलेले,
आणि उजव्या अंगठ्याने मी
डाव्या कोपराची खाच चाचपत होतो.
होती तिथेच. हलली.
निसटली.